हायड्रोकार्बनांचे वर्गीकरण : रेणुसूत्र आणि संरचना

पदवीच्या प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक उत्तर वारंवार समोर येते. 'सी६एच१२ हे रेणुसूत्र असलेला हायड्रोकार्बन कोणत्या प्रकारचा?' या प्रश्नाला बहुतेक विद्यार्थी 'अल्कीन' असे लिहितात आणि परीक्षकही त्यास पूर्ण गुण देतात. वस्तुतः दोष विद्यार्थ्याचा नसून प्रश्नाचा आहे. रेणुसूत्र अणूंची मोजदाद सांगते. हायड्रोकार्बनचा प्रकार मात्र अणूंच्या जोडणीवरून ठरतो. प्रस्तुत लेखात हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. इतर विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही विषय समजावा म्हणून आरंभी काही मूलभूत बाबी नमूद करणे आवश्यक वाटते.

केवळ कार्बन आणि हायड्रोजन या दोन मूलद्रव्यांपासून बनलेली संयुगे म्हणजे हायड्रोकार्बन होत. कार्बनची संयुजा चार असते. शिवाय कार्बनचे अणू एकमेकांशी जोडले जाऊन लांब शृंखला, शाखा व वलये तयार करतात. सर्व बंध एकेरी असलेल्या मुक्त शृंखलेच्या हायड्रोकार्बनांना अल्केन म्हणतात. त्यांत कार्बनची संख्या 'न' असल्यास हायड्रोजनची संख्या '२न+२' असते. मिथेनमधील चार बंध एका प्रतलात नसून चतुष्फलकाच्या चार कोनांकडे वळलेले असतात व त्यांतील कोन १०९.५ अंशांचा असतो. फळ्यावर आपण तो अधिक चिन्हासारखा काढतो, ही केवळ सोय आहे.

अल्केनच्या बाबतीतही सूत्र पुरेसे ठरत नाही. ब्युटेनचे दोन, पेंटेनचे तीन, तर ऑक्टेनचे अठरा रचना समघटक संभवतात. पेट्रोलचा ऑक्टेन अंक हे याचे व्यवहारातील उत्तम उदाहरण होय. या मोजपट्टीवर सरल शृंखलेच्या हेप्टेनला ० आणि 'आयसो-ऑक्टेन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाखीय रेणूला १०० अंक दिला आहे. त्याच सी८एच१८ सूत्राच्या सरल शृंखलेच्या ऑक्टेनचा अंक मात्र शून्याच्याही खाली जातो. अणू तेच, संख्या तीच; तरीही एक इंधन इंजिनात शांतपणे जळते आणि दुसरे ठोके देते. वर्गात या उदाहरणाचा उपयोग आपण फारसा करीत नाही, याचे नवल वाटते.

दुहेरी बंध असणारे अल्कीन आणि तिहेरी बंध असणारे अल्काईन हे असंपृक्त हायड्रोकार्बन होत. इथेनमध्ये कार्बन-कार्बन अंतर सुमारे १५४ पिकोमीटर, इथीनमध्ये १३४, तर गॅस वेल्डिंगमध्ये वापरल्या जाणाऱ्या ॲसिटिलीनमध्ये, म्हणजेच इथाईनमध्ये, १२० पिकोमीटर असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अल्केनच्या तुलनेत प्रत्येक दुहेरी बंधामुळे हायड्रोजनच्या अणूंची एक जोडी कमी होते. परंतु शृंखलेची दोन टोके जुळून वलय झाले तरीही नेमकी एक जोडीच कमी होते. त्यामुळे सी६एच१२ हे १-हेक्झीनही असू शकते आणि सायक्लोहेक्झेनही. पहिले असंपृक्त, दुसरे पूर्णतः संपृक्त. ब्रोमीनच्या पाण्याचा रंग पहिल्यामुळे तात्काळ नाहीसा होतो. दुसऱ्यामुळे, तीव्र प्रकाश नसल्यास, तो तसाच राहतो. सूत्रावरून एवढेच म्हणता येते की एक जोडी कमी आहे. ती का कमी आहे, याचे उत्तर परीक्षानळीत मिळते.

बेंझीनच्या बाबतीत तर सूत्र सरळ दिशाभूल करते. लंडनमध्ये प्रकाशासाठी वापरल्या जाणाऱ्या वायूवर दाब दिला असता जो द्रव साचत असे, त्यातून मायकेल फॅरडे यांनी १८२५ मध्ये हे संयुग वेगळे केले. सी६एच६ या सूत्रात अल्केनच्या मानाने हायड्रोजनचे तब्बल आठ अणू कमी आहेत. म्हणजे ते अतिशय असंपृक्त व क्रियाशील असावे. प्रत्यक्षात ब्रोमीनच्या पाण्यावर त्याची सहजी क्रियाच होत नाही. केकुले यांनी १८६५ मध्ये षट्कोनी वलयाची कल्पना मांडली. परंतु एकाआड एक तीन दुहेरी बंध मानले तर बंधांची लांबी दोन प्रकारची भरली पाहिजे. मोजमापात मात्र सहाही बंध समान, सुमारे १३९ पिकोमीटरचे आढळतात. सायक्लोहेक्झीनच्या हायड्रोजनीकरणात प्रतिमोल सुमारे १२० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. त्या हिशेबाने बेंझीनकडून ३६० किलोज्यूल अपेक्षित असताना केवळ २०८ मिळतात. उरलेल्या सुमारे १५२ किलोज्यूलइतके स्थैर्य सहा इलेक्ट्रॉन संपूर्ण वलयावर विखुरल्याने लाभलेले आहे.

'ॲरोमॅटिक' हे नाव वासावरून पडले असले तरी वर्गीकरणाशी वासाचा काही संबंध उरलेला नाही. केवळ एकाआड एक दुहेरी बंध असणेही पुरेसे नाही. आठ कार्बनांच्या सायक्लोऑक्टाटेट्राईनमध्ये ते आहेत, तरी त्याचे वलय सपाट नसून टबाच्या आकाराचे असते आणि ते ब्रोमीनशी सामान्य अल्कीनप्रमाणे वागते. सपाट वलय आणि त्यावर ह्युकेल यांच्या '४न+२' या नियमात बसणारी इलेक्ट्रॉनसंख्या, ही खरी कसोटी होय.

हा भेद परीक्षेतील गुणांपुरता मर्यादित नाही. बेंझीन मानवात कर्करोग, विशेषतः रक्ताचा कर्करोग, निर्माण करणारे म्हणून सिद्ध झाले आहे. शरीर त्याचे ऑक्सिडीकरण करू पाहते तेव्हा त्याला वलयावरच आघात करावा लागतो आणि त्यातून अस्थिमज्जेस घातक असे पदार्थ तयार होतात. टोल्यूइनमध्ये त्याच वलयाला एक मेथिल गट जोडलेला असतो. यकृतात मुख्यतः या गटाचे ऑक्सिडीकरण होऊन बेंझॉइक आम्ल बनते आणि ते हिप्युरिक आम्लाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडते. टोल्यूइनही निर्धोक नाही, त्याची वाफ मज्जासंस्थेला बाधते. परंतु धोक्याचे स्वरूप निराळे आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात दोन्ही द्रव रंगहीन आणि वासालाही जवळपास सारखेच असतात. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत जेथे बेंझीनऐवजी टोल्यूइन चालते, तेथे हा बदल विभागाने तत्काळ करावा आणि त्याचे कारण दोन्ही संरचना फळ्यावर शेजारी शेजारी काढून विद्यार्थ्यांना सांगावे.