मोसंबीचा रस, अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल आणि मेंदूतली गाठ

धुळे-सोलापूर महामार्गावरच्या वडीगोद्रीपासून अंबडपर्यंत कुठेही आजाऱ्याला भेटायला जायचे तर पिशवीत मोसंबी हवीच. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले हे जालन्याचे फळ. मेंदूत गाठ निघालेल्या माणसाचा शेक, म्हणजे किरणोपचार, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, नाहीतर मुंबईला ‘टाटा’त सुरू झाला, की रसाचा पेला त्याच्या उशाशी येतो आणि ‘अंगात ताकद राहावी’ म्हणून औषधाच्या दुकानातली अँटिऑक्सिडंटची कॅप्सूलही येते. रसाला हरकत घेण्याचे कारण दिसत नाही. कॅप्सूलला मात्र आहे, कारण शेक ज्या वाटेने गाठीच्या पेशी मारतो, त्याच वाटेत ती आडवी येऊ शकते.

किरण थेट डीएनएवर घाव घालतात, हे अर्धेच खरे. नुकसानीचा मोठा भाग पेशीतल्या पाण्यामार्फत होतो. किरणांनी पाण्याचे रेणू फुटतात, त्यातून हायड्रॉक्सिल नावाचे अत्यंत आक्रमक फ्री रॅडिकल तयार होतात आणि तेच डीएनएचे धागे तोडतात. मेंदूच्या गाठींमधली सर्वांत घातक म्हणजे ग्लिओब्लास्टोमा. शस्त्रक्रिया, सहा आठवडे शेक आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या हा तिच्यावरचा ठरलेला उपचार. तो रूढ करणाऱ्या २००५ सालच्या चाचणीत नुसत्या शेकावर रुग्णांचे मध्यक आयुष्य १२.१ महिने भरले होते, गोळ्यांमुळे ते १४.६ झाले. मिळाले ते अडीच महिने. गाठ इतकी चिवट असण्याची कारणे अनेक आहेत, पण त्यातले एक मोठे कारण म्हणजे फ्री रॅडिकल विझवण्याची तिची स्वतःची यंत्रणा. झपाट्याने वाढणारी पेशी स्वतःही भरपूर फ्री रॅडिकल निर्माण करते. त्यात होरपळून मरू नये म्हणून ती ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट साठवते आणि ते खर्ची पडले की एनएडीपीएच या रेणूच्या मदतीने पुन्हा ताजे करून घेते. अँटिऑक्सिडंट आपल्या बाजूचे आणि कर्करोग पलीकडच्या बाजूचा, ही जाहिरातींनी रुजवलेली समजूत इथेच कोलमडते.

याचा एक पुरावा खुद्द गाठींमध्येच सापडतो. काही गाठींत आयडीएच१ या जनुकात बदल झालेला असतो, हे २००८ साली लक्षात आले. या जनुकापासून बनणारे निरोगी विकर एनएडीपीएच तयार करते. बदललेले विकर उलट तोच खर्च करत सुटते. असा बदल असलेल्या गाठींचे रुग्ण तुलनेने बरेच जास्त जगतात. त्यामागे इतरही कारणे आहेत, पण प्रयोगशाळेत अशा पेशी किरणांना लवकर बळी पडतात, हेही दिसले आहे. गंमत अशी, की या बदललेल्या विकराला रोखणाऱ्या व्होरासिडेनिबला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि असे औषध शेकाच्या जोडीने दिले तर गाठीची ढाल तिला परत मिळेल की काय, ही शंका त्याआधीच उपस्थित झालेली होती.

मग ती ढालच मोडून का टाकत नाहीत? प्रयत्न झाले. ग्लुटाथायोनसाठी लागणारे सिस्टीन गाठीच्या पेशी एका खास दारातून आत ओढतात आणि त्या बदल्यात ग्लुटामेट बाहेर टाकतात. भोवतीच्या मेंदूत साचलेल्या या ग्लुटामेटनेच पुष्कळ रुग्णांना फिट येतात. सांधेदुखीवर वर्षानुवर्षे वापरले जाणारे सल्फासॅलाझिन हे दार बंद करते, म्हणून आशा होती. पण बळावलेल्या गाठींच्या १० रुग्णांवरची चाचणी मध्येच थांबवावी लागली. गाठी आटल्या नाहीत, दुष्परिणाम मात्र झाले. लक्ष्य चुकीचे होते असे यावरून म्हणता येणार नाही. तिथपर्यंत पुरेसे पोहोचणारे औषध हाती नव्हते, एवढेच फार तर म्हणता येईल.

‘टाटा’तल्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने वेगळी वाट धरली. द्राक्षात असलेले रेझव्हेरेट्रॉल अँटिऑक्सिडंट म्हणून विकले जाते. तांब्याच्या जोडीने मात्र ते ऑक्सिजनचे फ्री रॅडिकल निर्माण करते. ग्लिओब्लास्टोमाच्या २० रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेआधी दहा-बारा दिवस या जोडीच्या गोळ्या रोज चार वेळा दिल्या गेल्या. काढलेल्या गाठी तपासल्या तेव्हा गोळ्या घेतलेल्यांमध्ये केआय-६७ हे पेशीविभाजनाचे मापक कमी भरले. डॉ. मित्रा यांच्या मते हे रॅडिकल मरत्या पेशींनी सांडलेले डीएनएचे तुकडे निकामी करतात. गाठीची ढाल मोडण्यापेक्षा हे निराळे आहे आणि यातून आयुष्य वाढते हे सिद्ध झालेले नाही. पण ‘अँटिऑक्सिडंट’चे लेबल लावलेला रेणू कोणासोबत जातो त्यावर त्याचे काम ठरते, हे यातून चांगले कळते.

कॅप्सूलने असा कितीसा फरक पडणार, असा आक्षेप येईल. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डोके-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांना शेकाच्या काळात व्हिटॅमिन ई आणि बीटा-कॅरोटीन, नाहीतर नुसत्या दिखाऊ गोळ्या देण्यात आल्या. २००५ सालचा निष्कर्ष असा, की खऱ्या गोळ्यांनी शेकाचा त्रास कमी झाला, पण गाठ त्याच जागी परतण्याचा कल वाढीकडे झुकला. आकडे निर्णायक नव्हते आणि अवयवही मेंदू नव्हता, हे मान्य. पण त्रास कमी होणे आणि गाठीलाही संरक्षण मिळणे एकाच कारणाने घडत असेल, तर ‘घेतली तर बिघडले काय’ हा युक्तिवाद टिकत नाही. कॅप्सूल चालू असेल तर ती शेक देणाऱ्या डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

व्हिटॅमिन सीचे उदाहरण त्याहून विचित्र. तोंडाने कितीही घेतले तरी आतडे एका मर्यादेपुढे ते शोषत नाही, त्यामुळे मोसंबीच्या रसाने रक्तातली पातळी फारशी चढत नाही. शिरेतून दिले तर ती जवळजवळ शंभर पट वर जाते, आणि त्या पातळीला हेच जीवनसत्त्व गाठीतल्या लोहाच्या साहाय्याने हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागते. आयोवा विद्यापीठाने ग्लिओब्लास्टोमाच्या ११ रुग्णांना शेक आणि टेमोझोलोमाइडसोबत एका वेळी ८७.५ ग्रॅमपर्यंत डोस दिले. ते सहन झाले, परिणामाचा निर्णय मोठ्या चाचण्यांवर सोडला. हे सलाइन घरगुती उपाय म्हणून कुठेही लावून घेण्यासारखे नाही. तांबड्या पेशींत एनएडीपीएच बनवणारे जी६पीडी हे विकर ज्यांच्यात अपुरे असते, त्यांच्या पेशी एवढ्या डोसने फुटू लागतात. महाराष्ट्रातल्या काही आदिवासी समाजांत ही उणीव आढळते, म्हणून सुई टोचण्याआधी जी६पीडीची रक्ततपासणी व्हावी लागते.