एसयूव्हीचे मागचे ब्रेक पॅड बदलताना

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढची चाके करतात. त्यामुळे मागचे पॅड सहसा जास्त टिकतात. मात्र हा नियम सरसकट धरू नये. हलक्या ब्रेकिंगमध्ये मागच्या चाकांना जास्त वाटा देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ज्या गाड्यांत असते, त्यांतल्या काहींचे मागचे पॅड आधी संपतात. नव्या पॅडवर घर्षणाचे अस्तर साधारण १० मिलिमीटर जाडीचे असते. ते ३ मिलिमीटरवर आले की पॅड बदलायचे. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. अस्तर संपत आले की ती डिस्कला घासून चिरका आवाज करते. त्यानंतरही गाडी तशीच चालवली तर लोखंडावर लोखंड घासते आणि पॅडसोबत डिस्कचाही खर्च अंगावर येतो.

मागच्या चाकावर काम करताना मोठी अडचण हँडब्रेकची असते. पुष्कळ गाड्यांत तो मागच्या कॅलिपरमध्येच बसवलेला असतो, म्हणून काम करताना तो सोडून ठेवावा लागतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी गिअरमध्ये किंवा ‘पी’मध्ये ठेवली की जागेवर राहते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला हा भरवसा नाही. तिचे एक मागचे चाक उचलले की डिफरन्शियलमुळे ते हवेत मोकळे फिरते आणि गिअर असूनही गाडी घसरू शकते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडाचे ठोकळे किंवा दगड लावायचे आणि जमीन सपाट, पक्की निवडायची. सोसायटीच्या पार्किंगमधला उतार या कामाला चालत नाही. गाडीसोबत मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. काम स्टँडच्या आधारावरच करावे. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करून ठेवतात, नाहीतर हवेतले चाक पान्याबरोबरच फिरत राहते.

चाक निघाले की कॅलिपर दिसतो. त्याच्या मागच्या बाजूला दोन बोल्ट असतात. खालचा काढून कॅलिपर वर उचलता येतो किंवा दोन्ही काढून तो पूर्ण बाजूला घेता येतो. बाजूला घेतलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, तारेने स्प्रिंगला बांधावा. नळी बाहेरून धड दिसत असली तरी ताण बसून आतून चिरलेली असू शकते. धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवायची नाही, ब्रेक क्लीनर मारून फडक्याने टिपायची.

जुने पॅड फेकण्याआधी शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही सारखे झिजले असतील तर सगळे ठीक आहे. आतला पॅड पत्र्यापर्यंत आला आणि बाहेरच्यावर अजून बरेच अस्तर असेल, तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना अडकल्या आहेत. कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत हे सर्रास होते: पिनेवरचे रबर फाटते, आत पाणी जाते, गंज धरतो. अशा वेळी नुसते पॅड बदलून भागत नाही, कारण नवेही तसेच कमीजास्त झिजतात. पिना ओढून काढाव्यात, पुसाव्यात, गंज पॉलिश पेपरने घासावा आणि ब्रेकसाठीचेच सिलिकॉन ग्रीस पातळ लावावे. साधे पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवते. फाटलेले रबर बदलावेच. घाईचे गॅरेज हेच काम टाळते, आणि घरी करण्याचा खरा फायदा इथेच आहे.

पुढे पिस्टन मागे ढकलायचा असतो. नवे पॅड जाड असल्याने त्यांना जागा लागते. केबलच्या हँडब्रेकवाल्या कॅलिपरचा पिस्टन बहुधा आट्यांवर असतो. त्याच्या तोंडावर खाचा दिसतात. तिथे अवजार अडकवून तो दाबत दाबत फिरवायचा. सी-क्लॅम्पने नुसता रेटला तर आतले आटे बिघडतात. बहुतेक पिस्टन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आत जातात, पण काही गाड्यांत एका बाजूचा उलटा फिरतो. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी गाडी ‘मेंटेनन्स मोड’मध्ये न्यावी लागते. काही गाड्यांत हे पेडल आणि बटणाच्या ठरावीक क्रमाने जमते, काहींना स्कॅनरच लागतो. हँडब्रेकची मोटर मागे गेल्यावर पिस्टन सरळ दाबला जातो. स्कॅनर हाताशी नसेल तर घरी हात न घातलेला बरा.

पिस्टन मागे जाताना टाकीतली ब्रेक ऑइलची पातळी वर चढते. मध्येच कोणी टाकी काठोकाठ भरली असेल तर तेल बाहेर येते आणि रंग सोलून टाकते, म्हणून झाकणाभोवती फडके ठेवावे. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. ती मोजून पाहावी. खोल चरे असतील किंवा जाडी उतरली असेल तर डिस्क बदलावी.

नवे पॅड नेहमी दोन्ही चाकांना एकदमच घालतात, पण काम एकेका बाजूने करावे म्हणजे जुळणी पाहायला दुसरी बाजू शाबूत राहते. पॅडच्या कानांना पातळ ग्रीस लावावे. घर्षणाच्या पृष्ठभागाला तेलकट हात लागू देऊ नये. आट्यांच्या पिस्टनवर आतल्या पॅडची मागची खुंटी खाचेत बसली आहे ना, हे डोळ्यांनी बघावे. ती बसली नाही तर पॅड तिरपा राहतो. बोल्ट आणि चाकाचे नट कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने टॉर्क पान्यावर कसावेत.

गाडी हलवण्याआधी पेडल अनेकदा दाबून कडक करून घ्यावे. हे विसरले तर पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत आठ-दहा वेळा सावकाश वेग उतरवावा. मध्ये पूर्ण थांबू नये, दोन वेळांमध्ये ब्रेक गार होऊ द्यावा. पुढचे काही दिवस ब्रेक थोडा कमी धरतो, तेवढे अंतर ठेवून चालवावे. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. कॅलिपरजवळ तेलाची ओल दिसली किंवा पेडल स्पंजासारखे लागले, तर गाडी न चालवता मेकॅनिकला घरी बोलवावे.