गुरुजींचं जामित्र आणि माझा व्यास

मुलीच्या लग्नाची तारीख काढायला गुरुजी आले होते. पंचांगावरून बोट फिरवत म्हणाले, "सर, ही बघा, जामित्रशुद्धीही आहे." ३० वर्षं भूमिती शिकवली, पण हा शब्द कानावर पहिल्यांदाच पडला. विचारलं, तर म्हणाले, "सातवं घर. जोडीदाराचं. मुहूर्ताला तिथे ग्रह नको, रिकामं हवं. नाहीतर जामित्रदोष."

जाया म्हणजे पत्नी, पुढे मित्र. गोड संस्कृत शब्द दिसतोय, असं मी मनाशी ठरवून टाकलं. रात्री कोश उघडला आणि पडलो तोंडावर. मूळ ग्रीक 'दियामेत्रोस'. 'दिया' म्हणजे आरपार, 'मेत्रोन' म्हणजे माप. अहो, म्हणजे व्यास! फळ्यावर इतकी वर्षं ओढत होतो तोच.

आणि अर्थ अगदी चपखल बसतो. मुहूर्ताच्या क्षणी पूर्व क्षितिजाला जी रास चिकटलेली असते ती लग्नरास. 'लग्न' याचा मूळ अर्थच चिकटलेलं. त्या वेळी साधलेल्या विवाहालाही आपण लग्न म्हणू लागलो. त्याच क्षणी पश्चिमेला मावळणारी रास तिच्या बरोबर समोर, १८० अंशांवर. राशीचक्रात व्यास ओढा: एका टोकाला लग्न, दुसऱ्या टोकाला जामित्र.

यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, ज्योतिषाबरोबर असे बरेच शब्द इकडे आले आणि संस्कृतात मुरले. स्फुजिध्वजाच्या ग्रंथाचं नावच 'यवनजातक'. वराहमिहिर 'बृहज्जातका'त मेषेला क्रिय म्हणतो, वृषभेला तावुरि, तुळेला जूक. ग्रीकमधले क्रिओस, तावरोस, झिगोन. यातलं झिगोन म्हणजे जू, आणि तराजूची दांडीही. आपल्या बैलांच्या मानेवरचं जू मात्र उसनं नाही. ते संस्कृत 'युग'वरून आलेलं, झिगोनचं लांबचं चुलत भावंड. कालिदासही 'कुमारसंभवा'च्या सातव्या सर्गात शिवपार्वतीच्या विवाहाची तिथी सांगताना जामित्र शब्द वापरतो. हिमालयाच्या घरचं कार्य, आणि मुहूर्ताची परिभाषा ग्रीकांची!

खरा धक्का 'केंद्र'चा होता. तोही ग्रीकच, 'केंत्रोन': टोचणारं टोक, बैलाला टोचायची आर. कंपासचं टोक वहीत रुतलं की मागच्या चार पानांना भोक पडतं. त्यावरून मी पोरांना किती ओरडलो असेन! केंद्र म्हणजे मुळात तेच टोक, हे तेव्हा ठाऊक असतं तर वर्गात सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना हे सगळं ऐकवलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "असेल. दोष मात्र लागतोच." माझा मुहूर्तांवर विश्वास नाही, पण विहीणबाईंचा आहे, म्हणून तीच तारीख धरली. जामित्र रिकामं होतं, कार्यालय रिकामं नव्हतं. गुरुजी परवा पुन्हा येणार आहेत.