वानराच्या तोंडातही ३२ दात

साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना किंवा सांगली जिल्ह्यातल्या चांदोलीच्या जंगलात काळ्या तोंडाचे वानर दिसले, की आपले लक्ष त्याच्या लांब शेपटीकडे जाते. डॉक्टराने मात्र त्याचे तोंड पाहावे. पूर्ण वाढ झालेल्या वानराला दात असतात ३२. जबड्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात दोन पटाशीचे, एक सुळा, दोन उपदाढा आणि तीन दाढा. म्हणजे हुबेहूब आपली मांडणी. लाल तोंडाच्या माकडाचेही तसेच आणि आफ्रिकेतल्या चिंपांझीचेही. कुत्र्याला ४२ दात असतात, मांजराला ३०.

दातांचा हिशेब असा जुळतो तो नात्यामुळे. ‘मग आजच्या वानरांचा माणूस का होत नाही?’ हा प्रश्न दहावीची मुले हमखास विचारतात, मोठी माणसेही विचारतात. चुलतभावाचे आपण वंशज नसतो. दोघांचा आजोबा एक असतो. वानर आणि आपण यांचा समान पूर्वज अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीचा, चिंपांझीचा आणि आपला सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा.

दोन्ही कवट्या उलट्या करून पाहिल्या, तर खरा फरक कळतो. मज्जारज्जू जिथून खाली उतरतो ते मोठे छिद्र वानरात मागच्या बाजूला असते. त्यामुळे डोके मणक्यांच्या पुढे येते आणि मानेचे स्नायू ते तोलून धरतात. आपल्यात हेच छिद्र तळाच्या जवळपास मध्यावर आहे. डोके मणक्यावर घागरीसारखे बसते. तोल अगदी काटेकोर नाही, म्हणून तर एसटीत डुलकी लागली की मान पुढे कलते.

१९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंगच्या चुनखडीच्या खाणीतून निघालेली एका बालकाची कवटी शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक रेमंड डार्ट यांच्या हाती आली. मेंदू चिंपांझीच्या मापाचा, पण सुळे लहान आणि छिद्र पुढे सरकलेले. हा जीव दोन पायांवर चालत असणार, असे डार्ट यांनी १९२५ मध्ये मांडले. बड्या विद्वानांनी ते बरीच वर्षे मानले नाही. आधी मेंदू वाढला, चालणे नंतर, अशी त्यांची खात्री होती आणि इंग्लंडमधली पिल्टडाउनची कवटी त्यांच्या बाजूने होती. ती कवटी १९५३ मध्ये बनावट ठरली: डोके माणसाचे, जबडा ओरांगउटानचा!

मेंदू नंतर वाढला, पण भरपूर वाढला. चिंपांझीच्या कवटीत सुमारे ४०० मिलिलिटर जागा असते, आपल्या कवटीत सरासरी १३५०. एवढे डोके दोन पायांवर चालणाऱ्या आईच्या अरुंद कटीतून बाहेर यायचे, म्हणून आपले मूल मेंदूची बहुतेक वाढ बाकी ठेवूनच जन्मते. जन्मतः त्याचा मेंदू प्रौढाच्या जेमतेम ३० टक्के असतो; माकडाच्या पिल्लाचा निम्म्याहून बराच जास्त. पुढच्या वाढीला वाव हवा, म्हणून कवटीची हाडे सुटी राहतात आणि मध्ये टाळू राहते.

आपल्याकडे आजी तेलाने टाळू भरते. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण टाळू तेलाने भरत नाही. हाडे वाढून ती साधारण दीड वर्षात आपोआप बुजते. जोर देऊन दाबू नये. जुलाब-उलट्या होत असलेल्या बाळाची टाळू खोल गेली, किंवा ताप असताना फुगून घट्ट झाली, तर अंगारा-धुपारा न करता त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

जबड्याचे उलटे झाले. शिजवलेले, मऊ अन्न खाऊन तो आखूड होत गेला, दातांची संख्या मात्र तीच राहिली. म्हणून विशीच्या आसपास अक्कलदाढ जागा शोधत आडवी येते, हिरडी सुजते, तोंड उघडेना होते. अनेकांना ती कधी येतच नाही आणि दात २८ वरच थांबतात. वानराच्या लांब जबड्यात तिसऱ्या दाढेला पुरेशी जागा असते.