शाळेचा संगणक कोणाच्या ताब्यात?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संगणकप्रणालीचा नियमित आधार थांबवला. प्रणालीत वेळोवेळी सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करून देणे, हा या आधाराचा मुख्य भाग. त्यापुढची विंडोज ११ बसवायची तर संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. शाळांच्या संगणककक्षांतील कितीतरी यंत्रे या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, पडदा उजळतो, कळफलक चालतो. तरीही ते 'जुने' ठरले, आणि हे शाळेने ठरवलेले नाही. या निमित्ताने प्रणालीवर ताबा कोणाचा असतो आणि आपल्या माहितीच्या खासगीपणाशी त्याचा काय संबंध आहे, हे पाहू या.

पाककृती आणि तयार पदार्थ

प्रोग्रॅम लिहिणारा माणूस माणसाला वाचता येईल अशा भाषेत आज्ञा लिहितो. याला सोर्स कोड किंवा मूळ आज्ञावली म्हणतात. कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम तिचे रूपांतर यंत्राला समजणाऱ्या ० आणि १ च्या मालिकेत करतो. मूळ आज्ञावली ही पाककृती मानली, तर ही मालिका म्हणजे तयार पदार्थ. पदार्थ चाखून मीठ कमी की जास्त ते सांगता येते. पण आत नेमके काय काय पडले आहे, ते सांगणे फार कठीण. बंद सॉफ्टवेअर विकणारी कंपनी फक्त पदार्थ देते. मुक्त सॉफ्टवेअरबरोबर पाककृतीही मिळते आणि ते वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची व इतरांना वाटण्याची मुभा असते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अशी संपूर्ण मुक्त प्रणाली उभारण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. तिला गाभा, म्हणजे कर्नेल, हवा होता. प्रोसेसरचा वेळ, स्मृती आणि जोडलेली उपकरणे वेगवेगळ्या प्रोग्रॅमना वाटून देण्याचे काम हा गाभा करतो. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने असा गाभा लिहून जाहीर केला, तोच लिनक्स. गाभा आणि त्याभोवतीचे नेहमीच्या उपयोगाचे प्रोग्रॅम एकत्र बांधून डेबियन, उबंटू, लिनक्स मिंट अशी वितरणे तयार झाली. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे संगणक लिनक्सवर चालणारे आहेत. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे.

खासगीपणा म्हणजे काय?

विंडोजच्या घरगुती आवृत्तीत यंत्राविषयीची 'ऐच्छिक' माहिती कंपनीकडे जाणे आपण थांबवू शकतो. 'आवश्यक' गटातील माहिती मात्र जातेच. आवश्यक काय, हे कंपनी ठरवते. तिचा हेतू वाईट आहे असे यातून सिद्ध होत नाही. पण आज्ञावली बंद असल्याने तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे आपल्या हाती फारसे काही उरत नाही. विज्ञानात आपण एखाद्याचा निष्कर्ष त्याच्या शब्दावर स्वीकारत नाही, कृती तपासतो. इथेही तीच अपेक्षा आहे.

पाकीट आणि पत्र यांतला फरकही ध्यानात घ्यावा. व्हॉट्सॲप आणि सिग्नल या दोन्हींत संदेशाचा मजकूर सांकेतिक रूपात जातो. मधल्या कोणाला तो वाचता येत नाही. हे झाले पत्र. कोणी, कोणाला, केव्हा लिहिले, हे पाकिटावर असते आणि तेही बोलके असते. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयीन आदेशानुसार सिग्नलकडे माहिती मागितली गेली, तेव्हा खाते उघडल्याची वेळ आणि शेवटच्या जोडणीचा दिवस एवढेच त्यांना देता आले. कारण बाकीचे त्यांनी साठवलेच नव्हते. न साठवलेली माहिती चोरीलाही जात नाही.

उघडे म्हणजे निर्धोक नव्हे

२०१२ मध्ये उबंटूने आपल्याच संगणकावरील शोधपेटीत टाइप केलेले शब्द बाहेर पाठवून ॲमेझॉनवरील वस्तू दाखवण्याची सोय आणली. त्यावर जोरदार टीका झाली आणि २०१६ च्या आवृत्तीत ती आपोआप चालू राहणे बंद झाले. मार्च २०२४ मध्ये तर एक्सझेड या मुक्त साधनात कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घुसवल्याचे उघड झाले. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढेच आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले होते. त्याने माग काढला आणि मुळापर्यंत पोहोचला. उघडेपणामुळे दोष टळत नाहीत. ते शोधण्याचा मार्ग मात्र सर्वांना खुला राहतो.

म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर निवडताना चार प्रश्न विचारावेत. पाककृती उघडी आहे का? कामाला लागते त्याहून जास्त माहिती ते मागते का? माहिती आपल्याच यंत्रावर राहते की बाहेर जाते? आणि उद्या ते सोडायचे झाले, तर आपले काम दुसरीकडे नेता येईल का?

बदल कसा करावा?

एकदम उडी घेऊ नये. पहिल्या टप्प्यात प्रणाली आहे तीच ठेवून तिच्यावर फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसी ही मुक्त साधने वापरायला लागावे. ती लिनक्सवरही तशीच मिळतात, त्यामुळे पुढचा बदल जड जात नाही. दुसऱ्या टप्प्यात लिनक्स मिंटसारखे वितरण पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच संगणक सुरू करावा. त्यासाठी वापरायचा पेनड्राइव्ह पुसला जातो, म्हणून तो रिकामा असावा. मूळ चकतीला मात्र धक्का न लावता सारे पाहता येते. मिंट २ जीबी स्मृतीवर चालते. ४ जीबी असेल तर सुखाने. छपाईयंत्र, ध्वनी, इंटरनेट चालते का, ते इथेच तपासावे. तिसऱ्या टप्प्यात सर्व माहितीची प्रत बाहेर काढून एकाच संगणकावर ते बसवावे आणि महिनाभर वापरून मगच बाकीच्यांचा विचार करावा.

मराठी शाळांना एक अडचण हमखास येईल. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टाइप केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतात. त्या आधीच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये असतोच. एखादे कार्यालयीन सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर त्यापुरते एक यंत्र ठेवावे.

हे शाळांना झेपते का? केरळमध्ये २००१ च्या सुमारास सुरू झालेल्या आयटी@स्कूल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला. आज तिथल्या सरकारी शाळांत उबंटूवर आधारित प्रणाली वापरली जाते. हे जमले, कारण आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. पटावरील मुलांची नावे, छायाचित्रे, गुण एखाद्या ॲपमध्ये भरण्यापूर्वी शिक्षकाने वरचे चार प्रश्न विचारायला हवेत. मुलांना ते विचारण्याची संधी नसते.

वर्गात एक तास असा घेऊन पाहा. घरच्या फोनवरील पाच ॲपची नावे आणि ती मागत असलेल्या परवानग्या मुलांना वहीत तक्त्यात लिहून आणायला सांगा. समोरच्या रकान्यात ती परवानगी कशासाठी लागत असेल, ते त्यांनी स्वतः लिहावे. विजेरीच्या ॲपला फोनमधील सगळे क्रमांक कशाला हवेत, हा प्रश्न मुलेच विचारतील.