भरणे, लादणे आणि एक जुनी चूक

तीस वर्षांपूर्वी नोकरीच्या एका मुलाखतीत मी इंग्रजीतून म्हणालो, ‘आय फिल्ड वॉटर इन द टँक.’ समोरचे तिघे हसले. नोकरी हुकली, त्या हसण्याचं कारण मात्र मी शोधत राहिलो.

मराठीत ‘टाकीत पाणी भरलं’ आणि ‘टाकी पाण्यानं भरली’ ही दोन्ही वाक्यं चालतात. इंग्रजी ‘फिल’ भांड्याची अवस्था कशी बदलली ते सांगतं, म्हणून त्याचं कर्म भांडं. ‘पोअर’ पदार्थ कसा गेला ते सांगतं, म्हणून तिथे कर्म पाणी. ‘लोड’ला दोन्ही रचना मानवतात. पण गाडी कर्म झाली, की ती गवतानं भरून गेल्याचं सूचित होतं. गवत कर्म असेल, तर गाडीत जागा उरलेलीही असू शकते. रचना बदलली, की अर्थही थोडा सरकतो.

वाक्यातल्या अशा वागणुकीवरून बेथ लेव्हिन यांनी १९९३ साली इंग्रजी क्रियापदांचे वर्ग लावले. रशियन क्रियापदांसाठी युरी अप्रेस्यान यांनी हीच दिशा १९६७ सालच्या ग्रंथात धरली होती.

सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनात घेतलेल्या पाठ्यपुस्तकावर मी रशियन गिरवू लागलो, तेव्हा ‘ग्रुझीत’ म्हणजे ‘लादणे’ हे क्रियापद भेटलं. मूळ रूपात तेही दोन्ही रचना घेतं. मात्र काम पुरं झालं असं सांगायचं, तर मागे उपसर्ग लागतो आणि तिथे निवड करावी लागते. ‘पो’ लावला, की कर्म बहुतेक वेळा माल असतो; ‘ना’ लावला, की मुख्यतः गाडी. ‘झा’ दोन्हीकडे चालतो, तरी त्याचा ओढा गाडीकडे. गाडी कर्म झाली, की माल तृतीयेत जातो. अगदी आपल्या ‘पाण्यानं’सारखा. इंग्रजी हेच काम शब्दक्रम आणि शब्दयोगी अव्ययांवर भागवते.

माझं ते वाक्य इंग्रजीत चूकच होतं. पण त्यामागे अडाणीपणा नव्हता. ‘भरणे’चा नियम मी ‘फिल’ला लावला होता. आता शेजारची मुलं इंग्रजी शिकायला येतात. एखाद्यानं तसंच वाक्य केलं, की मी आधी विचारतो, “हे मराठीत कसं म्हणशील?” मग दोन्ही वाक्यं पाटीवर शेजारी-शेजारी लिहितो. कुणी हसत नाही.