जननमार्गातील जंतुसंसर्ग : काचपट्टीवरील निदान

ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याचा विचार आपल्याकडे दीर्घकाळ गर्भारपण व बाळंतपण यांपुरताच मर्यादित राहिला. या मर्यादेबाहेर केवढी रुग्णता दडलेली आहे, हे डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत केलेल्या पाहणीने दाखवून दिले. १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ६५० स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक विकार आढळले आणि एकंदर रुग्णतेत निम्मा वाटा जननमार्गातील संसर्गांचा होता. पूर्वी तपासणी व उपचार लाभले होते ते अवघ्या ८ टक्के स्त्रियांना. विशेष लक्षणीय गोष्ट अशी की, ४५ टक्के स्त्रियांची कसलीच तक्रार नव्हती. तक्रार नसणे म्हणजे रोग नसणे नव्हे, हा या पाहणीचा धडा होय. आणि सूक्ष्मजंतुशास्त्राच्या कार्यास येथूनच आरंभ होतो.

निरोगी योनिमार्ग जंतुरहित नसतो. डोडरलाइन या जर्मन संशोधकाने १८९२ साली तेथील दंडाकार जंतूंचे वर्णन केले. लॅक्टोबॅसिलस गणातील हे जंतू लॅक्टिक आम्ल निर्माण करतात. त्यामुळे तेथील पीएच सामान्यतः ४.५ हून कमी राहतो व परक्या जंतूंस अटकाव होतो. हा समतोल ढळला, की विनॉक्सी जंतूंची अतोनात वाढ होते व पीएच चढतो. या अवस्थेस बॅक्टीरियल व्हजायनोसिस म्हणतात.

'अंगावर पांढरे जाते' एवढेच स्त्री सांगते; परंतु या एका तक्रारीमागे भिन्न कारणे असू शकतात. ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी ताज्या द्रवात हालचाल करताना दिसतो. कँडिडा या किण्वाच्या संसर्गात पीएच बहुधा आम्लधर्मीच राहतो व सूक्ष्मदर्शकाखाली मुकुलन पावणाऱ्या पेशी व तंतू आढळतात. व्हजायनोसिसमध्ये उपकला पेशींच्या कडा जंतूंनी झाकून जातात. पहिल्या व तिसऱ्या विकारावर मेट्रोनिडॅझोल उपयोगी पडते. कँडिडावर ते निरुपयोगी ठरते. ट्रायकोमोनासच्या बाबतीत पतीवरही उपचार करावे लागतात, नाहीतर संसर्ग पुन्हा होतो. केवळ लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत प्रयोगशाळेच्या अभावी सोयीची खरी. परंतु तिच्यामुळे काहींना अनावश्यक औषध मिळते आणि तक्रार नसलेल्या स्त्रिया तर तिच्या कक्षेत येतच नाहीत.

निदानात एकवाक्यता यावी म्हणून न्यूजेंट व सहकाऱ्यांनी १९९१ साली ग्रॅम रंजनावर आधारलेली गुणांकन पद्धती मांडली. तीन प्रकारच्या जंतूंच्या प्रमाणानुसार ० ते १० गुण दिले जातात. ७ वा अधिक गुण व्हजायनोसिसचे निदर्शक होत.

आता नांदेड जिल्ह्यातील मुखेडसारख्या तालुक्याच्या दृष्टीने या ज्ञानाचा विचार करावा. कोणते नमुने दूर पाठविता येतात आणि कोणते नाहीत, यावर संशोधनाची आखणी अवलंबून असते. वाळविलेली काचपट्टी टिकाऊ असते. ती नांदेडच्या प्रयोगशाळेत सावकाश तपासता येते. ट्रायकोमोनासची हालचाल मात्र अल्पावधीत मंदावते, म्हणून ती पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक मुखेडातच हवा. पीएच पट्टी तर उपकेंद्रातही वापरता येते. उलट, क्लॅमिडिया पेशींच्या आत वाढतो. तो ग्रॅम रंजनाने ओळखता येत नाही व त्यासाठी न्यूक्लिइक आम्लाची चाचणी करावी लागते. साध्या साधनांची ही मर्यादा अभ्यासकाने प्रारंभीच नमूद केली पाहिजे.

या परिश्रमांचे मोल मोठे आहे. क्लॅमिडिया व गोनोरिया यांवर वेळीच उपचार न झाल्यास गर्भनलिकांस व्रण पडून वंध्यत्व येऊ शकते आणि त्याचा दोष आजही बहुधा स्त्रीच्याच माथी मारला जातो. व्हजायनोसिसचा अकाली प्रसूतीशी व एचआयव्ही संसर्गाच्या वाढत्या जोखमीशी संबंध आढळला आहे. स्त्रीची संमती, तपासणीतील एकांत व निष्कर्षांची गुप्तता सांभाळून घेतलेला नमुनाच खरा उपयोगी ठरतो. कारण विश्वास गमावल्यास पुढची स्त्री तपासणीस येणारच नाही, आणि ज्या ४५ टक्क्यांनी काहीच सांगितले नव्हते, त्यांच्यासारख्या स्त्रियांचा रोग पूर्ववत अदृश्यच राहील.